पिकअप गेला, किक हलकी लागते: इंजिन उघडण्याआधी कॉम्प्रेशन असं तपासा

हे 100 ते 125 सीसीच्या सिंगल सिलिंडर, एअर-कूल्ड बाइकबद्दल आहे. मुंबईत डिलिव्हरीला, ऑफिसला, स्टेशनपर्यंत हीच गाडी पळते. दिवसभर क्लच दाबून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाला नीट वारा न लागता. अशा गाडीचा दम कमी झाला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘कॉम्प्रेशन गेलंय, हाफ इंजिन करावं लागेल.’ कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन मिश्रणावर आणतो तो दाब, आणि हाफ इंजिन म्हणजे ब्लॉक-पिस्टन-रिंगांचं काम. कधी ते खरं असतं. पण बऱ्याचदा दोष एअर फिल्टरमध्ये, क्लचमध्ये किंवा टॅपेटमध्ये (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट) निघतो आणि ब्लॉक-पिस्टनचा खर्च उगाच होतो. म्हणून आधी मोजा, मग उघडा.

लक्षणं

कॉम्प्रेशन खरंच पडलं असेल तर पुढच्यापैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसतात. किक मारताना पायाला नेहमीचा दाब लागत नाही, ती सरळ खाली जाते. सकाळी थंड इंजिन चोक देऊनही लवकर चालू होत नाही. चढावर आधी तिसऱ्या गिअरमध्ये जाणारी गाडी आता दुसरा मागते. ॲव्हरेज उतरतं. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि दोन सर्व्हिसिंगच्या मधेच ऑइलची पातळी खाली जाते. एअर बॉक्समध्ये ऑइल साचलेलं दिसतं, कारण पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या बाजूने निसटलेला गॅस क्रँककेसच्या ब्रीदर नळीतून ऑइलचे कण घेऊन तिथे पोहोचतो.

यातलं फक्त ‘पिकअप कमी झाला’ एवढंच लक्षण असेल, किक घट्ट असेल आणि धूर नसेल, तर कॉम्प्रेशनवर संशय घ्यायची घाई नको.

तुलना करायची असेल तर ठरलेला एकच चढ घ्या. केम्प्स कॉर्नरहून मलबार हिलकडे जाणारा रस्ता किंवा घोडबंदरला गायमुखचा घाट. गिअर तोच, मागे बसणारा माणूस तोच. सपाट रस्त्यावर आणि सिग्नल-टू-सिग्नल चालवून दम किती घटला हे नीट कळत नाही.

कॉम्प्रेशन आणि हॉर्सपॉवर यांचं नातं

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. कॉम्प्रेशन रेशो हा इंजिनाच्या रचनेतला आकडा आहे: पिस्टन खाली असतानाची जागा भागिले पिस्टन वर असतानाची जागा. कॉम्प्रेशन प्रेशर म्हणजे प्रत्यक्षात गेजवर दिसणारा दाब. रेशो सहसा बदलत नाही. झीज झाली की प्रेशर पडतं.

उदाहरण घ्या. 50 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 49.5 मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) असलेल्या इंजिनाचं विस्थापन 97.2 सीसी येतं. रेशो 9:1 असेल तर वर उरणारी ज्वलनाची जागा फक्त 12.15 सीसी, म्हणजे अडीच चमचेसुद्धा नाही. रेशो वाढला की तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम मिळतं. पुस्तकी हिशोबाने 9 चा 10 केला तर फायदा साधारण 3 टक्के. आठ हॉर्सपॉवरच्या गाडीत तो पाव हॉर्सपॉवरच्या आसपास. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायला निघणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. त्या पाव हॉर्सपॉवरसाठी ट्रॅफिकमध्ये तापलेलं इंजिन नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून येणारा ठोका) करू लागतं आणि पिस्टनचा माथा खराब होतो.

गळती मात्र वेगळी. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल किंवा रिंगा सैल असतील तर दाबलेलं मिश्रण जळण्याआधीच थोडं निसटतं. जे जळतं त्याचा दाबही पिस्टनला ढकलायच्या वेळी बाहेर पळतो. दोन्हीकडून नुकसान. शिवाय कमी दाबात ज्वाळा हळू पसरते, त्यामुळे जोर उशिरा येतो. हे कमी आरपीएमला जास्त जाणवतं, कारण पिस्टन सावकाश चालत असताना गॅसला निसटायला वेळ जास्त मिळतो. वरच्या आरपीएमला बरी ओढणारी पण सिग्नलवरून उठताना मरगळलेली गाडी दिसली, तर गळतीचा विचार आधी करा.

आधी फुकटातल्या गोष्टी

टायरमधली हवा थंड असताना मोजा. आकडा चेन कव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो. गाडी मेन स्टँडवर घेऊन न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवा. ते मोकळं फिरलं पाहिजे. पावसाळ्यानंतर ड्रम ब्रेकचे शू चिखलाने अडकून ब्रेक चिकटलेला राहतो आणि दोष इंजिनाला लागतो. चेन कोरडी, गंजलेली किंवा फार ताणलेली असेल तर तीही जोर खाते. थ्रॉटल केबल पूर्ण ओढली जाते का, तेही एकदा बघा. मूठ पूर्ण फिरवूनही कार्ब्युरेटरची स्लाइड अर्धीच उघडत असेल तर बाकी सगळी तपासणी वाया जाते.

एअर फिल्टर

मेट्रोची आणि रस्त्यांची कामं चालू असलेल्या भागात रोज फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर मॅन्युअलमधल्या किलोमीटरच्या आधीच भरतो. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, हलकं ऑइल लावून बसवा. कागदी फिल्टर धुवू नका. तेलकट लेप असलेल्या कागदी फिल्टरवर हवेचा फवाराही मारू नका, लेप उडतो आणि धूळ आत जाते. तो थेट बदला. फिल्टर काढून गाडी चालवून बघणं हा तपास नव्हे. मुंबईची बारीक धूळ ऑइलात मिसळली की रिंग आणि बोअर पॉलिश पेपरने घासल्यासारखे झिजतात, मग जे कॉम्प्रेशन गेलेलं नव्हतं तेही जातं.

प्लग

प्लग बाहेर काढला की इंजिनाची अर्धी माहिती हातात येते. फिकट तपकिरी टोक म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, म्हणजेच परत फिल्टर आणि चोक. पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ, कुठून तरी जादा हवा शिरतेय. ओला, काळा, तेलकट असेल तर ऑइल वर येतंय. तिथून पुढे रिंगा किंवा व्हॉल्व्ह स्टेम सील (व्हॉल्व्हच्या देठावरून ऑइल आत येऊ न देणारं सील) यांच्याकडे बघावं लागतं.

निळ्या धुराची वेळही नोंदवा. ॲक्सिलरेटर दिल्यावर सतत धूर येत असेल तर रिंगा-बोअर. रात्रभर उभी राहिलेली गाडी चालू करताना एकच झोत येऊन थांबत असेल, किंवा उतारावर मूठ सोडून परत दिल्यावर येत असेल, तर स्टेम सील. दोन्ही कामांच्या खर्चात मोठा फरक आहे.

नवीन प्लग बसवताना आधी हाताने फिरवा. हेड ॲल्युमिनिअमचं असतं, आटे तिरके बसले की हेडच लेथवर न्यावं लागतं.

पेट्रोल

आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसात उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीच्या झाकणातून पाणी झिरपलं, तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतं आणि नेमकं तेच आधी कार्ब्युरेटरकडे जातं. कार्ब्युरेटर असेल तर फ्लोट बाऊलचा ड्रेन स्क्रू सोडून थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं तसंच ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी आणि बाऊल दोन्ही रिकामे करा. हे मोकळ्या हवेत करा, इंजिन थंड असताना, आणि आसपास कोणी विडी-सिगारेट ओढत नसताना.

क्लच की कॉम्प्रेशन?

चौथ्या गिअरमध्ये 40 च्या आसपास असताना मूठ झटकन पूर्ण द्या. इंजिनाचा आवाज चढला पण वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच स्लिप होतोय. कॉम्प्रेशन पडलेलं असेल तर आवाजही चढत नाही, इंजिन कोंडल्यासारखं ओढतं. क्लच लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिमी मोकळी हालचाल हवी. ती नसेल तर आधी केबल सेट करा. ऑइलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (ऑइलात बुडालेल्या, म्हणजे ओल्या क्लचला चालणारा दर्जा) लिहिलेलं आहे का बघा. कारचं किंवा गिअरलेस स्कूटरचं ऑइल भरलं असेल तर ओला क्लच घसरतो, मग प्लेट कितीही नव्या असोत. स्कूटरवाल्यांसाठी एवढंच: तुमच्याकडे याच जागी बेल्ट आणि रोलर येतात, ते आधी उघडून बघा.

टॅपेट: इथे घाई करू नका

हाताने करता येण्यासारख्या तपासांपैकी सगळ्यात जास्त कॉम्प्रेशन परत मिळवून देणारा हाच, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही याच्याकडेच होतं.

लोक टॅपेट सेट करायला नेतात ते टकटक आवाज यायला लागल्यावर. आवाज म्हणजे फट जास्त, आणि त्याने तोटा तुलनेने कमी होतो. खरा धोका उलट दिशेला आहे. वापराने व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये हळूहळू खोल बसत जातो, त्याचं देठ रॉकरच्या जवळ येतं आणि फट कमी होते. ती शून्य झाली की इंजिन गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. आवाज नाही, तक्रार नाही, फक्त दम कमी. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकूनच बाहेर टाकतो. टेकत नसेल तर त्याची कड जळते. मग टॅपेट सेट करूनही उपयोग होत नाही, हेड उघडावंच लागतं. एखादी गाडी पूर्वी थोडी टकटक करायची आणि आता अगदी शांत झाली असेल, वर थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर मरगळत असेल, तर सगळं सोडून आधी टॅपेट बघा.

फट मोजायची ती पूर्ण थंड इंजिनावर. मुंबईच्या उन्हाळ्यात तासभर उभी केलेली गाडी थंड होत नाही. रात्रभर ठेवून सकाळी मोजा. प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल. मॅग्नेटो कव्हरवरच्या दोन टोप्या काढून इंजिन त्याच्या चालण्याच्या दिशेने फिरवा आणि ‘टी’ची खूण खाचेसमोर आणा. आता दोन्ही रॉकर बोटांनी हलवून बघा. दोन्ही किंचित हलले तर पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या माथ्यावर आहे. एखादा घट्ट असेल तर आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. चुकीच्या फेऱ्यावर सेट केलेल्या टॅपेटची फट प्रत्यक्षात फार जास्त राहते आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही.

या वर्गातल्या बऱ्याच इंजिनांना 0.05 ते 0.10 मिमीच्या दरम्यानची फट लागते, पण इनटेक आणि एक्झॉस्टचा नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच) पट्टी ओढताना हलकासा अडथळा जाणवला पाहिजे. लॉकनट घट्ट करताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून नट आवळल्यावर पुन्हा मोजा. हा दुसरा माप अनेक जण घेत नाहीत आणि फट नेमकी तिथेच बिघडते.

कॉम्प्रेशन गेज

स्क्रू करून बसणारा गेज घ्या. नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांच्या दुकानांत मिळेल. प्लगचा आटा 10, 12 की 14 मिमी आहे ते बघून ॲडॅप्टर मागा. हाताने दाबून धरायचा रबरी कोनाचा गेज छोट्या इंजिनाला भरवशाचा नाही. आणखी एक बारकी गोष्ट: हवा परत जाऊ न देणारा छोटा व्हॉल्व्ह नळीच्या प्लगकडच्या टोकाला असलेलाच गेज निवडा. व्हॉल्व्ह वर गेजच्या आत असेल तर अख्ख्या नळीची जागा ज्वलनाच्या जागेत मिसळते. बारा सीसीच्या जागेत तेवढी भर पडली की चांगलं इंजिनही आजारी दिसतं.

इंजिन थंड असतानाच प्लग एकदा सोडवून पुन्हा बसवा, म्हणजे नंतर अडकणार नाही. मग दहा मिनिटं गाडी फिरवून आणा. प्लग काढा, गेज बसवा, चावी बंद ठेवा. थ्रॉटल पूर्ण उघडा धरून काटा वर चढायचा थांबेपर्यंत सहा-आठ दमदार किक मारा. थ्रॉटल बंद ठेवला तर सिलिंडरला हवाच मिळत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. किक नसलेल्या गाडीत बॅटरी पूर्ण चार्ज हवी, इंजेक्टरचा कनेक्टर काढा आणि प्लग त्याच्या कॅपसकट इंजिनाच्या धातूला, प्लगच्या भोकापासून लांब, टेकवून ठेवा.

चांगल्या स्थितीतलं इंजिन सर्वसाधारणपणे 150 ते 190 पीएसआय दाखवतं. 120 च्या खाली गेलं तर दखल घ्या. 100 च्या खाली असेल तर सकाळी चालू होण्याची अडचण असणारच. हे ढोबळ आकडे आहेत. काही इंजिनांत किक हलकी करण्यासाठी कॅमशाफ्टवरच डीकॉम्प्रेसर असतो, तिथे चांगलं इंजिनही कमी दाखवतं. शेवटचा शब्द मॅन्युअलचा. आकडा मर्यादेच्या वर निघाला तर आनंद मानू नका. ज्वलनकक्षात कार्बन साचून जागा लहान झाली असण्याची शक्यता आहे.

आकडा कमी आला की ओली चाचणी. प्लगच्या भोकातून सिरिंजने इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. ऑइल रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवतं. आकडा चांगला उसळला तर रिंगा-बोअर, जवळजवळ तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. इथे मापाची काळजी घ्या. कारसाठी सांगितलेलं चमचाभर, म्हणजे 5 मिली ऑइल 97 सीसीच्या इंजिनात ओतलं तर बारा सीसीच्या जागेतली पाच सीसी ऑइलनेच भरते, रेशो 9 वरून 14 च्या पुढे जातो, आणि रिंगा धडधाकट असल्या तरी आकडा उसळतो. एक मिलीच टाका, फार तर दीड. दोन-तीन किक मारून ते पसरू द्या, मग गेज लावा.

हवा भरून ऐकणं

गळती नेमकी कुठे आहे हे गेज सांगत नाही, कान सांगतात. जुना प्लग पोकळ करून त्याला हवेचा निपल बसवून घेता येतो. पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्यावर आणा, टॉप गिअर टाका, मागचा ब्रेक कोणाला तरी दाबून धरायला सांगा आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवरून 30 ते 40 पीएसआय हवा द्या. त्याहून जास्त नको. 40 पीएसआयला 50 मिमीच्या पिस्टनवर साधारण 55 किलोचा जोर येतो, पिस्टन माथ्यावरून सरकला तर इंजिन झटक्याने फिरतं. किक लिव्हर मिटलेली ठेवा, चेन आणि स्पोक्सपासून हात लांब.

सायलेन्सरमधून सूं आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. एअर बॉक्सकडून आला तर इनटेक. ऑइलच्या डिपस्टिकच्या भोकातून जोरात येत असेल तर रिंगा. तिथे किंचित आवाज चांगल्या इंजिनातही येतो. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे आले तर गॅस्केट.

पाण्यात बंद पडलेली गाडी

हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली की लोक तिथेच किक किंवा सेल्फ मारतात. एअर बॉक्समधून सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी तो इतका थोडा वाकतो की गाडी नंतर चालू होते, पण पिस्टन पूर्वीइतका वर पोहोचत नाही. वरच्याच उदाहरणात पिस्टन 1 मिमी खाली राहिला तर ज्वलनाची जागा जवळपास 2 सीसीने वाढते आणि रेशो 9 चा 7.9 होतो. टॅपेट ठीक, ओल्या चाचणीत मोठा फरक नाही, हवा कुठूनही जात नाही, तरी गेजचा आकडा कमी, आणि दम पाण्यानंतरच गेला: हे जुळलं तर रॉडवर संशय घ्या.

पाण्यात बंद पडली की गाडी ढकलत कोरड्या जागी आणा, प्लग काढा, चावी बंद ठेवून इंजिन सावकाश फिरवा आणि पाणी बाहेर येऊ द्या. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर ते बदलल्याशिवाय चालू करू नका.

कुठे थांबायचं

टॅपेट सेट करून, गेज लावून, हवा ऐकून झाली की घरचं काम संपलं. हेड उघडायचं असेल, टायमिंग चेनचा एक दात चुकल्याचा संशय असेल, इंजिनाच्या खालच्या भागातून धातूचा ठोका येत असेल, ऑइलात चमकणारे कण दिसत असतील किंवा रॉड वाकल्याची शंका असेल, तर जाणकार मेकॅनिककडे द्या. ठोका येत असताना ‘घरापर्यंत जाऊ’ म्हणून चालवू नका. रॉड तुटला तर क्रँककेस फोडून बाहेर येतो.

काम देताना आपले आकडे कागदावर लिहून द्या: कोरडा, ओला, आवाज कुठून आला. व्हॉल्व्हचाच दोष असेल तर सीट कटिंग आणि लॅपिंगवर (व्हॉल्व्ह सीटवर घासून जुळवणं) काम भागतं, पिस्टनला हात लावायची गरज नसते. लॅपिंगनंतर पोर्टचं तोंड वर येईल असं हेड धरून पोर्टमध्ये रॉकेल ओतायला सांगा. व्हॉल्व्हच्या कडेने ते झिरपलं तर काम अपुरं आहे.

रिंगा बदलायच्या असतील तर बोअर गेजने बोअर वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजून घ्या. बोअर लंबगोल झाला असेल तर नुसत्या नव्या रिंगा थोड्याच दिवसांत पुन्हा धूर काढतात. तिथे बोअरिंग, होनिंग आणि ओव्हरसाइज पिस्टन लागतो. लोखंडी लायनर असेल तरच बोअरिंग होतं. कोटिंग केलेला ब्लॉक सरळ बदलावा लागतो, त्यामुळे आपल्या मॉडेलचा ब्लॉक कुठल्या प्रकारचा आहे हे लेथवर नेण्याआधी विचारा. जुने भाग परत मागून घ्या आणि बसवण्याआधी नवी रिंग बोअरमध्ये सरळ ठेवून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने समोर मोजायला लावा. गाडी घरी आणल्यावर पहिले 500 किमी मूठ पूर्ण पिळू नका, एकाच वेगात लांब चालवू नका, मग ऑइल बदला आणि टॅपेट पुन्हा मोजा. गेजही त्याच दिवशी लावा आणि आलेला आकडा सर्व्हिस बुकमध्ये लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुलना त्याच आकड्याशी करायची आहे.